सध्या काय वाचत आहात? जुन्या पुण्यातील आत्मचरित्रांविषयी विचारणा

पेठेतला वाचक

नमस्कार. मी सध्या रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक वाचत आहे. ते १९१० साली, म्हणजे त्यांचे पती न्यायमूर्ती माधवराव रानडे यांच्या निधनानंतर नऊ वर्षांनी प्रसिद्ध झाले. थोर नवऱ्याचे गुणगान असेल अशा समजुतीने हाती घेतले होते. गुणगान आहेच, पण त्याच्या आडून जे घर दिसते त्याने मला धरून ठेवले. १८७३ साली लग्न झाले तेव्हा रमाबाई अकरा वर्षांच्या आणि माधवराव एकतिसांचे. ज्यांनी विधवेशी विवाह करावा अशी सगळ्यांची अपेक्षा होती, त्या सुधारकाने वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले आणि लगेच तिला शिकवायला बसवले. शिकवणी रात्री खोलीत चाले आणि तिची किंमत दिवसा स्वयंपाकघरात, सासूबाई आणि नणंदांच्या टोमण्यांच्या रूपाने मोजावी लागे. १८९० च्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमधील चहापानावरून उठलेले ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, आणि त्यानंतर माधवरावांनी घेतलेले प्रायश्चित्त यांबद्दल इतिहासाच्या पुस्तकांत वाचले होते. त्या प्रायश्चित्ताने घरातल्या माणसाला काय वाटले, हे मात्र इथेच कळले.

यानंतर काय वाचावे? नुसत्या नावांची यादी नको. आपण सध्या वाचत असलेले किंवा अलीकडे वाचून संपवलेले, याच काळातले आणि शक्यतो पुण्याशी संबंध असलेले एखादे पुस्तक सुचवावे आणि ते का सुचवत आहात हेही लिहावे, ही विनंती. कादंबऱ्या तूर्त नकोत.

कर्वेनगरकर

आपण योग्य ठिकाणाहून सुरुवात केली आहे. माझी सूचना एका पुस्तकाची नसून तीन पुस्तकांची आहे, आणि ती एकापाठोपाठ एक वाचली तरच त्यांची खरी गंमत कळते. पहिले धोंडो केशव कर्वे यांचे 'आत्मवृत्त' (१९१५), दुसरे त्यांच्या पत्नी आनंदीबाई कर्वे यांचे 'माझे पुराण' (१९४४) आणि तिसरे आनंदीबाईंच्या धाकट्या बहीण पार्वतीबाई आठवले यांचे 'माझी कहाणी' (१९२८). मी या उन्हाळ्यात तिन्ही पुन्हा वाचत आहे आणि सध्या 'माझे पुराण'च्या मध्यावर आहे.

आनंदीबाई म्हणजे पूर्वाश्रमीच्या गोदूबाई. त्या बालविधवा होत्या आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनी होत्या. सदन १८८९ साली मुंबईत सुरू झाले व पुढल्या वर्षी पुण्यात आले. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात त्यांचा धोंडोपंतांशी पुनर्विवाह झाला. त्यानंतर मुरूडला, म्हणजे धोंडोपंतांच्या गावी, जो बहिष्कार पडला तो 'आत्मवृत्त'त संयमाने, जवळजवळ कोरडेपणाने सांगितला आहे. अण्णांचे, म्हणजे धोंडोपंतांचे, सगळे लेखन असेच आहे. गणिताचे प्राध्यापक होते, आणि आपल्या आयुष्याचा हिशेबही ते त्याच स्वच्छपणाने मांडतात. फर्ग्युसनमध्ये शिकवायचे आणि नंतर पायी हिंगण्याला, विधवांसाठी काढलेल्या आपल्या आश्रमात जायचे, हा क्रम ते असा सांगतात की, वाचणाऱ्याला त्यात विशेष काही आहे असे वाटूच नये.

'माझे पुराण' उघडले की तोच संसार दुसऱ्या बाजूने दिसतो. जो माणूस स्वतःच्या आयुष्याचा विमासुद्धा संस्थेला देऊन टाकतो, त्याच्या घरात महिनाअखेर कशी भागवायची हा प्रश्न 'आत्मवृत्त'त फारसा येत नाही. आनंदीबाईंच्या पुस्तकात तो पानापानांतून डोकावतो. त्या नवऱ्याला कमी लेखत नाहीत, पण झाकूनही ठेवत नाहीत. रागावतात, चिडवतात, आपले म्हणणे त्या काळी कोणी ऐकले नाही हे ठसक्यात नोंदवतात आणि पुढच्याच वाक्यात हसवतात. कोकणी बोलीचा बाज त्यांच्या वाक्यात तसाच राहिला आहे. माझ्या मते मराठी गद्यातील हे अत्यंत उपेक्षित पुस्तक आहे, आणि त्याची ख्याती 'आत्मवृत्त'हून अधिक असायला हवी होती.

पार्वतीबाईंचे पुस्तक या दोहोंहून वेगळ्या जातीचे आहे. त्या आश्रमाच्या कामासाठी वर्गणी गोळा करीत हिंडल्या, आणि इंग्रजी फारसे येत नसताना १९१८ साली अमेरिकेला गेल्या. तिथे लोकांच्या घरी घरकाम करून त्या राहिल्या. पुनर्विवाह हा सर्वांसाठी उपाय नाही असे त्यांचे मत होते, आणि ते त्यांनी पुनर्विवाहित बहिणीच्या संसाराजवळ राहून मांडले. दोघी बहिणींत कोण बरोबर, हे ठरवण्याचा मोह टाळावा. एकाच घरात दोन्ही मते नांदत होती, ही माहितीच मोलाची आहे.

डोंगराकाठ

कर्वेनगरकरांच्या सूचनेला माझा दुजोरा आहे, पण 'स्मृतिचित्रे'चे नाव अजून कोणी घेतले नाही याचे आश्चर्य वाटते. लक्ष्मीबाई टिळकांच्या या पुस्तकाचे चार भाग १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाले. पुण्याशी संबंधाची अट इथे थोडी सैल करावी लागेल, कारण गोष्ट बहुतांशी नाशिक, नगर आणि मुंबईकडची आहे. तरीही सुचवतो. रमाबाई रानडे माधवरावांबद्दल लिहिताना आवाज खाली ठेवतात. लक्ष्मीबाई रेव्हरंड टिळकांबद्दल लिहिताना तसे काही करत नाहीत. नवरा १८९५ साली ख्रिस्ती झाला, त्या मागे राहिल्या, कित्येक वर्षांनी स्वतःच्या मनाने ख्रिस्ती झाल्या, आणि या सगळ्याचे वर्णन करताना त्यांनी स्वतःलाही हसण्यातून वगळलेले नाही. सुरुवातीचे वडिलांच्या सोवळ्याचे प्रकरण वाचून पाहावे. वडिलांच्या सासऱ्यांना, म्हणजे लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना, १८५७ च्या धामधुमीत फाशी झाल्यानंतर वडिलांना सोवळ्याने असे पछाडले की, घरात येणारी वस्तू न् वस्तू धुतली जाऊ लागली. इतक्या दुःखद कारणातून निघालेली इतकी विनोदी पाने मी अन्यत्र वाचलेली नाहीत.

पूर्वभागातून

वरील सर्व पुस्तके उत्तम आहेत आणि मी त्यांतली बहुतेक वाचली आहेत. परंतु 'जुने पुणे' म्हणून आतापर्यंत जे मांडले गेले, त्यात एक मर्यादा आहे, ती नोंदवली पाहिजे. रानडे, कर्वे, आठवले, टिळक ही सर्व मंडळी एकाच सामाजिक वर्तुळात जन्मलेली आहेत. त्यांची बंडे खरी आहेत, त्यांची किंमतही त्यांनी मोजली आहे. पण त्या काळच्या पुण्यात लिहिणारे हात एवढेच नव्हते.

आत्मचरित्राची अट बाजूला ठेवता येत असेल, तर दोन लहान मजकूर वाचावेत. पहिला मुक्ता साळवे हिचा निबंध. ही मुलगी फुले दांपत्याच्या शाळेत शिकत होती, आणि मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापला गेला. रमाबाई रानड्यांचा जन्म त्यानंतरचा, हे लक्षात घेतले म्हणजे आपली कालरेषाच बदलते. निबंध वाचायला पाव तासही लागत नाही. पण त्यात ती विचारते की, वेद जर ब्राह्मणांचेच असतील तर आमचा धर्म कोणता, आणि हा प्रश्न मनातून सहजासहजी जात नाही.

दुसरा ताराबाई शिंदे यांचा 'स्त्री-पुरुष तुलना'. लेखिका बुलढाण्याच्या, पण पुस्तक १८८२ साली पुण्यातच छापले गेले. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेवर चाललेला खटला आणि त्यानिमित्ताने वर्तमानपत्रांतून स्त्रियांवर झालेली चिखलफेक, यांतून ते लिहिले गेले. ताराबाईंची भाषा भांडणाची आहे, थेट तोंडावर बोलण्याची आहे, आणि रमाबाईंच्या मर्यादशील गद्यानंतर लगेच ती वाचली तर धक्का बसतो. तो बसावा अशीच माझी इच्छा आहे. यानंतर हे पुस्तक जवळजवळ विस्मृतीत गेले होते. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले.

पेठेतला वाचक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पूर्वभागातून आलेली हरकत मान्य आहे. प्रश्नात 'पुण्याशी संबंध' असे लिहिताना माझ्याही डोळ्यांपुढे चारदोन पेठाच होत्या. मुक्ता साळवे यांचा निबंध आजच वाचीन. एक व्यावहारिक शंका आहे. यांपैकी काही पुस्तकांच्या एकाहून अधिक आवृत्त्या दुकानांत दिसतात आणि किमतींतही बराच फरक असतो. कोणती घ्यावी?

ग्रंथपाल (निवृत्त)

याचे कारण सरळ आहे. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी त्याचे लेखन स्वामित्वहक्कातून मुक्त होते. रमाबाई १९२४ साली, लक्ष्मीबाई १९३६ साली, आनंदीबाई १९५० साली आणि अण्णा कर्वे १९६२ साली गेले. त्यामुळे आता ही चौघांची पुस्तके कोणीही छापू शकतो, आणि छापतात. घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. मुखपृष्ठावर किंवा आतल्या पानावर 'संक्षिप्त' असा शब्द आहे का, हे आधी तपासावे, कारण 'स्मृतिचित्रे'ची संक्षिप्त आवृत्तीही उपलब्ध आहे आणि पहिल्या वाचनासाठी ती घेणे म्हणजे जेवणाऐवजी चव घेण्यासारखे आहे. दुसरे म्हणजे टिपा आहेत का ते पाहावे. नात्यांची व गावांची नावे, ग्रामण्यासारखे प्रसंग यांचा उलगडा टिपांशिवाय होत नाही, आणि घाईने काढलेल्या स्वस्त प्रतींत नेमक्या त्याच नसतात.

विकत घेण्यापूर्वी ग्रंथालयात चाळून पाहणे सर्वांत चांगले. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासूनचे आहे आणि नारायण पेठेतील पुणे मराठी ग्रंथालय १९११ पासूनचे. अप्पा बळवंत चौकातील दुकानांत जाणार असाल, तर शाळा सुरू होण्याचे दिवस टाळावेत. त्या गर्दीत क्रमिक पुस्तकांशिवाय दुसरे काही मागण्याची सोय नसते.

जाता जाता एक भर घालतो. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेले डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र १८८९ साली, म्हणजे आनंदीबाईंच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी आले. आनंदीबाईंची ओळख बहुतेकांना श्री. ज. जोशी यांच्या कादंबरीतून किंवा नाटक-चित्रपटांतून झालेली असते. काशीबाईंनी ती पत्रांच्या आधारे उभी केली आहे, आणि त्यांचे पती गोपाळराव यांचे जे रूप त्यातून दिसते त्यावर इथे स्वतंत्र चर्चा होऊ शकेल. कोणी अलीकडे वाचले असल्यास जरूर लिहावे.