मदत हवी आहे: जोडभावी पेठेचं नाव कुठून आलं?

सोलापुरातल्या पेठांच्या नावांची माहिती मुलांसाठी गोळा करतोय. शहराच्या नावामागची सोळा गावांची कथा आणि शिलालेखांतलं ‘सोन्नलगे’ ठाऊक आहे, ते नको. अडलंय जोडभावी पेठेपाशी.

कन्नडमध्ये विहिरीला ‘बावि’ म्हणतात, म्हणजे मूळ नाव ‘जोडबावी’, जोडविहिरी असावं असा माझा तर्क. पेठेतल्या जुन्या मंडळींना विचारलं. विहिरींचं सगळेच सांगतात, पण जागा प्रत्येक जण वेगळी दाखवतो. पाट्यांवर सगळीकडे ‘भावी’च. ऐकीव कथा भरपूर जमल्यात, आता कागद हवाय.

कुणाच्या घरी जुनं खरेदीखत, सिटी सर्व्हेचा उतारा किंवा नकाशा आहे का, ज्यात ‘जोडबावी’ असं लिहिलंय किंवा त्या दोन विहिरी दाखवल्यात? मोडीत असला तरी चालेल, वाचता येतं. मालकांची नावं झाकून फक्त तेवढ्या ओळीचा फोटो टाकाल का?