स्पेनच्या यादवीत मराठी नायक: तपशील तपासून हवेत

दौत-टाक:
कादंबरीचा नायक २१ वर्षांचा, पुण्याहून लंडनला कायदा शिकायला गेलेला. मे १९३७ मध्ये तो अभ्यास सोडून स्पेनला जातो. आराखडा असा: लंडन ते पॅरिस, पॅरिस ते बार्सिलोना थेट आगगाडी. उतरताच अराजकवाद्यांचे लाल-काळे झेंडे, सगळे एकमेकांना 'कॉम्रेड' म्हणतायत, वेटर बक्षिसी नाकारतायत. मग आंतरराष्ट्रीय ब्रिगेड (फ्रँकोविरुद्ध लढायला आलेल्या परदेशी स्वयंसेवकांची फौज), आघाडी, तिथून आईला लढाईचं सविस्तर पत्र. शेवट ऑक्टोबर १९३८ मधली ब्रिगेडच्या निरोपाची परेड. कुठे कुठे घसरलोय? बंदूक आणि जेवण यांचे बारकावेही हवेत.

पानगळ:
महिना बदला, नाहीतर बाकी सगळं बदला. तुम्ही लिहिलंय ते बार्सिलोना १९३६ च्या उन्हाळ्या-हिवाळ्यातलं आहे. मे १९३७ पर्यंत साहेबी टोप्या, बक्षिसी आणि 'उस्तेद' (आपलं 'अहो') परत आले होते. ३ मेला प्लासा दे कातालुन्यामधल्या टेलिफोन एक्स्चेंजवरून प्रजासत्ताकवाल्यांच्याच (म्हणजे फ्रँकोविरोधी बाजूच्याच) गटांत गोळीबार सुरू झाला आणि ८ तारखेपर्यंत रस्त्यांवर फरसबंदीचे दगड रचून अडथळे उभे होते. जूनमध्ये पोऊम या स्टालिनविरोधी मार्क्सवादी पक्षावर बंदी आली. नायक त्या महिन्यात तिथे असेल तर त्याला भारावलेपण दिसणार नाही, कोण कोणाच्या बाजूचं हेच कळणार नाही. कादंबरीला मला तरी हेच जास्त उपयोगाचं वाटतं.

थेट गाडीचंही जमत नाही. फेब्रुवारी १९३७ पासून फ्रान्सने स्वयंसेवकांसाठी सरहद्द बंद केली. शिवाय स्पेनचे रूळ जास्त रुंद, त्यामुळे सरहद्दीवर गाडी बदलणं आलंच.

घाटवाट:
सरहद्दीबद्दल भर घालतो, कारण तुमचं सगळ्यात चांगलं प्रकरण इथे आहे.

लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवरून पॅरिसचं शनिवार-रविवारचं परतीचं तिकीट निघे. त्यावर पासपोर्ट लागत नसे, म्हणून स्वयंसेवक तेच काढत. स्टेशनवर साध्या कपड्यांतले पोलीस असत. जानेवारी १९३७ मध्ये सरकारने १८७० चा परदेशी सैन्यभरतीचा कायदा पुढे केला होता. दोन दिवसांच्या सहलीला निघालेल्या माणसाकडे ट्रंक दिसली की संशय आलाच, तेव्हा नायकाच्या हातात एक लहान बॅग द्या. पुस्तकं मागेच राहू देत.

पॅरिसात तपासणी, मग दक्षिणेला पेर्पिन्याँच्या बाजूला. तिथून रात्री डोंगर. वाटाड्या बहुधा चोरटा माल नेणाऱ्यांपैकी. एकामागे एक रांग, बोलायचं नाही, काडी ओढायची नाही. चामड्याच्या बुटांचा आवाज होतो आणि ते खडकावर घसरतात, म्हणून पायात 'आल्पार्गाता': वर कापड, खाली दोरखंडाचा तळवा. कोरड्यात उत्तम. ओला झाला की तळवा फुगतो, शिवण उसवते आणि पहाटेपर्यंत माणूस जवळजवळ अनवाणी होतो. पलीकडे उतरल्यावर फिगेरासचा किल्ला, मग गाडीने बार्सिलोना, वालेन्सिया आणि अल्बासेते. ब्रिगेडचा तळ तिथे.

अवांतर: मराठी माणसाला स्पॅनिश उच्चार इंग्रजांपेक्षा लवकर जमतील. त्यांचे त, द आपल्यासारखे दंत्य, र चांगला घोळवलेला, 'सेन्योर'मधला न्य आपल्या ञ च्या जवळचा. नायकाला बरोबरच्या इंग्रज पोरांचा दुभाष्या करता येईल.

काडतूस:
बंदूक रशियन मोसिन-नागान धरा. ७.६२ मिमी, एका वेळी ५ गोळ्या, प्रत्येक गोळीनंतर बोल्ट मागे-पुढे. तिचा नेम लांब संगीन लावलेली धरूनच साधलेला असतो. जड होते म्हणून संगीन काढली की गोळी भलतीकडे जाते, आणि नवख्याला वाटतं आपलाच नेम वाईट.

दुसरा घोळ काडतुसांचा. स्पॅनिश माउझर ७ मिमी, रशियन ७.६२, शिवाय इतर देशांतून आलेली निरनिराळ्या मापांची. पेटी चुकीची आली की पलटण बिनकामाची. जारामाच्या लढाईत, फेब्रुवारी १९३७ मध्ये, ब्रिटिश बटालियनच्या मॅक्सिम मशीनगनच्या पट्ट्यांत चुकीची काडतुसं निघाली. ती उपसून हाताने पुन्हा भरेपर्यंत टेकडीवरची माणसं मशीनगनविना लढत होती. सुमारे ६०० जणांपैकी पहिल्या दिवसाअखेर २२५ च्या आसपास उरले. लढाईचं वर्णन करण्याऐवजी तो पट्टा भरणारा हात दाखवा.

जेवण: काबुली हरभरे, मसूर, ऑलिव्ह तेल. माद्रिदमध्ये मसूर इतकी खाल्ली जाई की पंतप्रधानांच्या नावावरून तिला 'डॉक्टर नेग्रिनच्या गोळ्या' म्हणत. पुण्याच्या मुलाला मसुरीचं नवल नाही. त्याला खुपेल तो तेलाचा वास, आणि आमटीत तिखट नाही हे. चिल्लर लवकरच बाजारातून नाहीशी झाली, गावोगावच्या नगरपालिकांनी आपापल्या नोटा छापल्या. एका गावची नोट पुढच्या गावात चालत नाही, तेव्हा 'खिशात पैसे आहेत पण तंबाखू मिळत नाही' हा प्रसंग फुकटात मिळतोय.

पानगळ:
पत्राचं राहिलं. टपालावर तपासनीस होते. गावाचं नाव, पलटण, जीवितहानी लिहिलं तर ओळ काळी होणार. उत्तर येणार ते गावाच्या पत्त्यावर नाही. पाकिटावर सोकोर्रो रोखो ('लाल मदत' ही संस्था), प्लाथा देल आल्तोथानो, अल्बासेते आणि एक आकडा, एवढंच. लंडनहून मुंबईची टपालबोट दोन आठवड्यांच्या आसपास घेई, स्पेनमधला उशीर वेगळा. म्हणजे आईचं उत्तर 'पोटभर खातोस ना' म्हणत येईल तोवर नायक दुसऱ्याच आघाडीवर असेल. पत्र मराठीत लिहिलं तर ते वाचणारा तपासनीस कुठून आणणार, हा प्रश्न त्याच्या मनात आलाच पाहिजे.

दौत-टाक:
सगळ्यांचे आभार. म्हणजे त्याला डिसेंबर १९३६ मध्येच पाठवावं? तसं केलं तर परेडपर्यंत तो टिकणं पटेल का?

घाटवाट:
डिसेंबरमध्ये गेला तर डोंगर चढायची गरज राहत नाही, सरहद्द अजून उघडी आहे. मग अल्बासेतेजवळच्या माद्रिगेरास गावी थोडंसं प्रशिक्षण आणि सरळ जारामा. डोंगर हवा असेल तर मे-जूनच ठेवा, मग पहिली मोठी लढाई जुलैमधली ब्रुनेते: कडक ऊन आणि पाण्याचे हाल.

परेड २८ ऑक्टोबर १९३८ ची, रस्ता बार्सिलोनातला दियागोनाल, पण तेव्हाचं त्याचं नाव 'चौदा एप्रिल' होतं. पाटीवर तेच लिहा. नाहीतर त्याला परेडला नेऊच नका, आधीच पकडला जाऊ द्या. नागपूरचे गोपाळ मुकुंद हुद्दार 'जॉन स्मिथ' या नावाने ब्रिगेडमध्ये होते. १९३८ मध्ये पकडले गेले आणि बुर्गोसजवळच्या सान पेद्रो दे कार्देन्या मठातल्या छावणीत राहिले. तुमच्या नायकालाही खोटं नाव दिलंत, तर हजेरीत त्याच्या नावाचा पुकारा होईल तेव्हा 'ओ' द्यायला त्याला अर्धा क्षण उशीर होऊ द्या.