आईचे नैराश्य, प्राणायाम आणि टेलोमिअरची तपासणी : सल्ला हवा आहे

नमस्कार मंडळी. आम्ही कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातले. आप्पा गेल्यापासून, म्हणजे दीड वर्षापासून, एकसष्ट वर्षांच्या आईला नैराश्य आहे. तव्यावर भाकरी टाकते आणि ती उलटायची विसरून चुलीकडे बघत राहते. बेळगावच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी झोप सुधारली आहे, मन मात्र अजून उभारी धरत नाही.

आता मामांनी कुठेतरी वाचले आहे की ध्यानाने पेशींचे म्हातारपण थांबते, तेव्हा गोळ्या बंद करून फक्त प्राणायाम करावा आणि फरक पाहण्यासाठी टेलोमिअरची तपासणी करून घ्यावी. मीही थोडे वाचले. गुणसूत्रांच्या टोकांवरची ही आवरणे पेशीच्या विभाजनागणिक झिजतात आणि टेलोमरेज हे विकर ती झीज भरून काढते. या शोधाला 2009 चे नोबेल मिळाले. दीर्घकाळ आजारी असलेल्या मुलांना सांभाळणाऱ्या आयांमध्ये ताण जितका जास्त, तितकी ही टोके आखूड, असे 2004 च्या एका अभ्यासात दिसले, पण ताणामुळेच ती आखूड झाली असे त्यावरून सिद्ध होत नाही. दिल्लीच्या एम्समध्ये नैराश्याच्या रुग्णांना बारा आठवडे योग आणि ध्यान दिल्यावर नैराश्य कमी झाले, हेही खरे. मात्र त्या रुग्णांची नेहमीची औषधे चालूच होती, आणि नेमके हेच मामांच्या वाचनातून निसटले आहे. त्यामुळे गोळ्या बंद करायच्या नाहीत, हे आमचे ठरले आहे.

अडचण वेगळीच आहे. सोप्यात डोळे मिटून बसवले की आई पाचव्या-सहाव्या श्वासाला रडू लागते आणि मग दिवसभर गप्प असते. त्याउलट पहाटे शेताच्या बांधावरून माझ्याबरोबर चालताना ती आपणहून बोलते, परवा तर वांग्यांवर पडलेल्या किडीबद्दल तिने मलाच झापले. अशा वेळी ध्यान सोडून केवळ चालण्यावर भर द्यावा का? डोळे उघडे ठेवून किंवा हाताला काही काम देऊन करण्यासारखा श्वासाचा सराव कोणी घरच्या माणसाकडून करवून घेतला आहे का?

तपासणीबद्दल माझे मत असे की अहवालात काहीही आले तरी तिचे उपचार बदलणार नाहीत, त्यामुळे तो खर्च वाया जाईल. या क्षेत्रातल्या कोणाचे मत निराळे असल्यास कृपया सांगावे.

शेवटचे, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. एका दवाखान्यात समुपदेशनाची प्रश्नावली कन्नडमध्ये होती. मी एकेक प्रश्न मराठीत सांगत गेलो, आणि ‘जगण्याचा कंटाळा येतो का’ हे तिला मुलाच्या तोंडून ऐकावे लागले. ती ‘नाही’ म्हणाली. ते खरे होते की नाही, मला ठाऊक नाही. 14416 या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर भाषा निवडता येते म्हणून मी स्वतः मराठीत बोलून घेतले, पण आईला समोर माणूस लागतो. बेळगाव, निपाणी किंवा धारवाडच्या डिमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेत मराठीतून समुपदेशन मिळाल्याचा कोणाला अनुभव आहे का? पुढच्या गुरुवारी डॉक्टरांकडे जायचे आहे, त्याआधी कळले तर बरे होईल.