मदत हवी आहे: घरी इंजिन ऑइल बदललं, डिपस्टिक मॅक्सच्या चार बोटं वर. अर्जंट!

घाईत_आहे
नमस्कार. पहिल्यांदाच घरी ऑइल बदललं. व्हिडिओ दोनदा बघून मगच हात घातला. जुनं काढलं, मॅन्युअलमध्ये लिहिल्याप्रमाणे नवीन साडेतीन लिटर मोजून ओतलं. आता डिपस्टिक ओढतोय तर तेल मॅक्सच्या खुणेच्या चांगलं चार बोटं वर. पुसून तीनदा बघितलं, तेच. उद्या पहाटे साडेपाचला निघायचंय, सोबत आईबाबा आहेत. फक्त एवढंच सांगा, जास्तीचं तेल कसं काढायचं? 'मेकॅनिककडे न्या' हा प्रतिसाद कृपया नको.

नटबोल्ट
गाडी पेट्रोल की डिझेल? गिअर हाताने टाकायचे की ऑटोमॅटिक? फिल्टर बदललात का? नंतर इंजिन चालू केलंत का? आणि गाडी आत्ता रॅम्पवर आहे की खाली? नाक वर असताना डिपस्टिक काहीही दाखवते. सपाट जागी आणा, दहा मिनिटं थांबा आणि परत बघा.

पाना_१४
मोठी सिरिंज आणि सलाइनची नळी. नळी डिपस्टिकच्या भोकातून खाली सोडायची आणि ओढत बसायचं. मी तर आता खालचा बोल्ट उघडतच नाही, सगळं तेल वरूनच काढतो. गाडीखाली झोपायची भानगडच नाही.

जुनं_खोड
मी १९८८ पासून स्वतःच्या गाड्यांचं ऑइल स्वतः बदलतो. थोडं वर असलं तर काही होत नाही, जळून जातं. खरा घोटाळा हे हल्लीचं पाण्यासारखं पातळ तेल आहे. कुठल्या ग्रेडचं टाकलंत? २०डब्ल्यू-५० टाका, इंजिन आयुष्यभर आवाज करणार नाही.

पाना_१४
काका, दरवेळी तेच? नव्या इंजिनात बेअरिंगमधली फट कमी असते, आणि व्हॉल्व्ह टायमिंगची यंत्रणाही तेलाच्या दाबावर चालते. तिथे ५० चं जाड तेल घालून काय साधणार? थंड इंजिन चालू केल्यावर तेल वरपर्यंत पोचायला लागतात तेवढे क्षणच झिजेचे असतात. मॅन्युअलमध्ये लिहिलंय ते टाकावं. आणि डब्ल्यू म्हणजे विंटर. मागच्या धाग्यावर तुम्ही 'वेट' म्हणाला होतात.

जुनं_खोड
मॅन्युअल कंपनी लिहिते, मायलेजचा आकडा सुंदर दिसावा म्हणून. माझ्या जुन्या गाडीने हेड न उघडता मुलांची लग्नं पाहिली.

घाईत_आहे
पेट्रोल हॅचबॅक आहे. जमिनीवर आहे, सपाट. ग्रेड ५डब्ल्यू-३०, मॅन्युअलमध्ये आहे तीच. ग्रेडचा प्रश्नच नाहीये माझा! सिरिंज आत्ता रात्री कुठून आणू? खालचा बोल्ट किंचित सैल करून थोडं सोडून दिलं तर चालेल का?

नटबोल्ट
चालेल, पण तेल बोल्टच्या कडेने मनगटावरून कोपरापर्यंत येईल, हातमोजे घाला. वॉशर तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा असेल तर तो एकदा चेपला की गेला, नवा लागतो. बाकीच्या प्रश्नांचं काय? फिल्टर? इंजिन?

बिनगिअरची
म्हणूनच मी इलेक्ट्रिक घेतली. ऑइल नाही, फिल्टर नाही, डिपस्टिक नाही.

पाना_१४
प्रश्न काय, उत्तर काय! आणि तुमच्याही गाडीत मोटर आणि चाकांच्या मध्ये रिडक्शन गिअर असतो, त्यात तेल असतं.

बिनगिअरची
असू दे की, ते काही मला बदलावं लागत नाही. आधीच्या स्कूटरचं गिअर ऑइल एकदा हौसेने घरी बदललं होतं. जेमतेम कपभर तेल, पण वास! हाताचा दोन दिवस गेला नाही. सडक्या अंड्यासारखा. तेव्हाच कानाला खडा लावला.

घाईत_आहे
अवांतर नको प्लीज. वास तर माझ्याही हाताला येतोय, तीनदा साबण लावला. ऑइल म्हटल्यावर येणारच. इंजिन अर्धा मिनिट चालू केलं होतं, आवाज जरा जड वाटला म्हणून बंद केलं. प्रेशरचा लाल दिवा गेला होता. फिल्टर बदलायचा राहिला, हाताने सुटेना आणि त्याचा पाना नाही. फिल्टर काय, पुढच्या वेळी.

नटबोल्ट
थांबा थांबा. कसला वास? नीट सांगा. आणि काढलेलं तेल कुठल्या रंगाचं आहे?

घाईत_आहे
गंधकासारखा. ताई म्हणाल्या तसाच. रंग मधासारखा, सोनेरी. मला बरंच वाटलं, म्हटलं इंजिन छान राहिलंय.

नटबोल्ट
शेवटचं ऑइल किती किलोमीटरपूर्वी बदललं होतं? आत्ता अंदाजे किती निघालं? आणि बोल्ट कसा होता?

घाईत_आहे
नऊ हजार झाले असतील. निघालं दोनेक लिटर, बाकीचं फिल्टरमध्ये अडकलं असेल असं वाटलं. व्हिडिओत बोल्टला १७ चा पाना लावला होता. माझ्या गाडीचा बोल्ट वेगळा निघाला, मध्ये चौकोनी खाच. रॅचेटचं टोक थेट आत बसलं. का?

नटबोल्ट
किल्ली काढा आणि घरात नेऊन ठेवा. गाडी आता चालू करायची नाही.

नऊ हजार किलोमीटर चाललेलं पेट्रोल इंजिनचं तेल मधासारखं राहत नाही, काळपट होतं. गंधकाचा वास गिअर ऑइलला येतो, कारण दातांवरचा दाब सोसायला त्यात गंधक-फॉस्फरसची रसायनं घालतात. फिल्टरमध्ये दीड लिटर मावत नाही, पाव लिटर मावलं तरी खूप. तुम्ही गिअरबॉक्स रिकामा केलात. इंजिनात जुनं साडेतीन जसंच्या तसं आहे, त्यावर नवं साडेतीन.

खात्री करायची तर बॅटरी घेऊन खाली बघा. पुढच्या चाकांकडे जाणारे दोन दांडे ज्या ॲल्युमिनियमच्या डब्यातून निघतात तो गिअरबॉक्स. इंजिनचं तेल त्याच्या शेजारच्या पसरट परातीसारख्या भागात असतं, त्याला संप म्हणतात. १७ चा बोल्ट तिथे सापडेल.

घाईत_आहे
बघितलं. आहे. १७ चा बोल्ट तिकडेच आहे.

घाईत_आहे
गिअरबॉक्स गेला का?

नटबोल्ट
गाडी रॅम्पवरून उतरवलीत कशी?

घाईत_आहे
न्यूट्रलमध्ये सोडली, मागे मी धरून होतो. इंजिन नंतर चालू केलं.

नटबोल्ट
मग बहुधा वाचलात. न्यूट्रलमध्येही क्लचवरचा पाय काढला की गिअरबॉक्सचा आतला शाफ्ट फिरतो, पण दातांवर राहिलेल्या थरावर अर्धा मिनिट निघून जातं. त्यावर उद्या हायवेला नेली असतीत तर वाटेतच आवाज करून जाम झाला असता. आणि हो, गाडी उतरवताना मागे उभं राहून कधी धरू नका.

इंजिनचंही ऐका, कारण 'जळून जातं' असं वर लिहिलंय. तेल एवढं वर असलं की क्रँकशाफ्ट त्यात आपटतो, त्याचा फेस होतो, पंप फेस ओढतो आणि बेअरिंगला दाब मिळत नाही. सीलमधून गळती सुरू होते ते वेगळंच. जड आवाज त्याचाच.

जुनं_खोड
थोडं वर म्हणालो होतो. दुप्पट नव्हे.

पाना_१४
तेवढं मान्य काका. माझी सिरिंजही मागे घेतो, साडेतीन लिटर ओढता ओढता सकाळ होईल. संपचा बोल्टच उघडा. भांडं मोठं घ्या, सात लिटर येणार आहे. माझ्या मते सगळं काढू नका, मॅक्सपर्यंत आलं की बोल्ट लावा. ग्रेड एकच आहे, जुनं-नवं मिसळलं तरी बिघडत नाही. पूर्ण बदल आल्यावर करा.

नटबोल्ट
असहमत. वाहत्या धारेत बोल्ट परत लावताना आटे तिरके बसले की संपच बदलावा लागतो. सगळं काढा, नवा वॉशर, नवा फिल्टर, नवं तेल. फिल्टर काढल्यावर जुन्या फिल्टरचं रबर इंजिनला चिकटून राहिलं नाही ना, बोटाने चाचपून बघा. रबरावर रबर बसलं की दाबाने तेल बाहेर फेकलं जातं. नव्याच्या रबराला तेलाचं बोट लावायचं, टेकला की हातानेच पाऊण फेरा. पाना लावायचा नाही.

गिअरबॉक्सला आधी बाजूचा भरायचा बोल्ट उघडतो का ते बघा. तो उघडल्याशिवाय खालचा कधीच उघडू नये, हे पुढच्या वेळेसाठी. खालचा घट्ट लावून बाजूच्या भोकातून गिअर ऑइल सोडत राहायचं, त्याच भोकातून परत ठिबकायला लागलं की भरलं. यावेळी मात्र गाडी सपाटच हवी. स्टँडवर घ्यायची तर चारही चाकांनी. नुसत्या जॅकवर असताना खाली शिरू नका.

जुनं_खोड
गिअरला जीएल-५ दर्जाचं तेल टाका. जीएल-४ पेक्षा भारी.

पाना_१४
भारी आहे म्हणूनच नको! जीएल-५ मधल्या जादा रसायनांनी सिंक्रोच्या, म्हणजे गिअर अलगद पडावा म्हणून असतात त्या पितळी रिंगा खराब होऊ शकतात. मॅन्युअलमध्ये जीएल-४ असेल तर जीएल-४ च.

घाईत_आहे
भरायचा बोल्ट सुटला, थोडं डब्ल्यूडी-४० मारावं लागलं. गिअर ऑइल सकाळी दुकान उघडल्याशिवाय मिळणार नाही, म्हणजे साडेपाच विसरा. आईला सांगितलं, ती म्हणाली मला हे दुपारीच वाटलं होतं. आता इंजिनचं काढायला घेतो.

बिनगिअरची
माझं अवांतर कामी आलं म्हणायचं.

घाईत_आहे
भांडं पाच लिटरचं होतं. हे कुणीतरी आधी सांगायचं ना!

पाना_१४
वर सांगितलंय. 'भांडं मोठं घ्या, सात लिटर येणार आहे.'

घाईत_आहे
घाईत वाचलं. दोन लिटर पार्किंगच्या फरशीवर आहे. कशाने निघेल? सोसायटीचे सेक्रेटरी सहा वाजता फिरायला निघतात.

नटबोल्ट
पाणी मारू नका, पसरेल आणि गटारात जाईल. लाकडाचा भुसा किंवा कोरडी माती टाका, रात्रभर शोषू द्या, पहाटे गोळा करून पिशवीत भरा. मग भांड्याच्या साबणाने ब्रश. भांड्यातलं काळं तेल आणि गिअरचं तेल वेगवेगळ्या कॅनमध्ये भरून ठेवा, जुनं तेल गोळा करतात तिथे द्या.

जुनं_खोड
भुसा नसेल तर सिमेंटची पूड. पण किती ग्रेडचं सांडलं?