शब्दचर्चा: मराठीतला 'माइंड' आणि इंग्रजीतला 'माइंड'

विचारणा

इंग्रजी वाचता येतं, लिहिता येतं, समोरचा काय बोलतो तेही कळतं. अडतं ते चारचौघांत तोंड उघडताना. परवा प्रवासात शेजारच्या आसनावर माझी पिशवी होती. एका परदेशी बाईंनी विचारलं, 'डू यू माइंड इफ आय सिट हिअर?' मी तोंडभर हसून 'येस, येस!' म्हटलं आणि लगबगीनं पिशवी उचलली. बाई आधी माझ्याकडे बघत राहिल्या, मग पिशवीकडे. बसल्या शेवटी, पण पिशवीवर विश्वास ठेवून, माझ्या शब्दांवर नव्हे. माझं काय चुकलं? आणि रोजच्या बोलण्यात लागणाऱ्या अशा वाक्यांची एखादी यादी मिळेल का?

प्रतिसाद १

याद्या हव्या तेवढ्या मिळतील, पण त्यांचा उपयोग बेताचाच. नवा शब्द आपण जपून वापरतो, चुकलो तरी थोडक्यात निभावतं. घात करतात ते शब्द वेगळेच: जे कधीच मराठीत येऊन मुरलेत आणि म्हणून आपल्याला 'येतात' असं वाटतं. माइंड हा त्यातला अट्टल.

मराठीत आपण 'माइंड करू नका हं' म्हणतो. म्हणजे राग मानू नका, मनाला लावून घेऊ नका. इंग्रजीतला 'माइंड' एवढा हळवा नाही. त्याचा प्रश्नातला अर्थ साधा आहे: हरकत असणे. बाईंनी विचारलं होतं, 'मी इथं बसले तर तुमची हरकत आहे का?' तुम्ही उत्साहानं सांगितलंत, 'आहे, आहे!'

शुद्ध उत्तर 'नो, नॉट ॲट ऑल'. पण खरं सांगायचं तर जन्मापासून इंग्रजी बोलणारेही इथं घोटाळतात आणि सरळ 'शुअर, गो अहेड' म्हणून मोकळे होतात. येसही नाही, नोही नाही. तोंडात बसवायचं तर हेच बसवा.

त्याच घरातले आणखी काही: 'आय डोन्ट माइंड' म्हणजे मला काहीही चालेल. त्याच्या जागी 'आय डोन्ट केअर' गेलं, तर 'मला काय त्याचं!' असा फटकारा बसतो. 'नेव्हर माइंड' म्हणजे जाऊ दे, राहू दे. 'माइंड द स्टेप' म्हणजे पायरी आहे, जपून.

प्रतिसाद २

व्याकरणाची एक पुरवणी. खिडकी समोरच्यानं उघडायची असेल तर 'वुड यू माइंड ओपनिंग द विंडो?' आपण उघडायची असेल तर 'डू यू माइंड इफ आय ओपन द विंडो?' आणि हेच 'वुड'नं सुरू केलं तर पुढचं क्रियापद भूतकाळात जातं: 'वुड यू माइंड इफ आय ओपन्ड...' खिडकी अजून बंदच असते. मराठीतही 'मी खिडकी उघडली तर चालेल?' असंच म्हणतो की आपण! त्यामुळे हे रूप आपल्याला परकं वाटायचं कारण नाही.

येस-नोचा गोंधळ दुसऱ्या बाजूनंही होतो. 'डिडन्ट यू गो?' असं कुणी विचारलं की आपण मनात 'हो, नाही गेलो' म्हणतो आणि तोंडातून 'येस, आय डिडन्ट' निघतं. आपला 'हो' समोरच्याच्या समजुतीला असतो: तू म्हणतोस ते बरोबर. इंग्रजीतला येस-नो उत्तरातल्या क्रियापदाला बांधलेला. गेलो नाही, म्हणून 'नो, आय डिडन्ट'. प्रश्न कसाही विचारला तरी.

विचारणा करणारा

आलं लक्षात. मग 'सॉरी'चं काय? एका ओळखीच्या गृहस्थांना मी वडील गेल्याचं सांगितलं, तर ते 'आय ॲम सॉरी' म्हणाले. क्षणभर मी 'अहो, तुमची काय चूक?' असं म्हणणार होतो.

प्रतिसाद १

मराठीत सॉरी म्हणजे चुकलो. कान पकडल्यासारखं. इंग्रजीत त्या शब्दाचा मूळ अर्थ दुःखी असा आहे. जुन्या इंग्रजीत तो 'सारिग' होता, आणि 'सोअर' म्हणजे दुखरं, ठणकणारं, त्याच मुळातून आलेला. (दुःख या अर्थाचा 'सॉरो' त्याचा सख्खा भाऊ वाटतो, पण त्याचं मूळ निराळं.) म्हणजे ते गृहस्थ 'ऐकून वाईट वाटलं' एवढंच म्हणत होते. अशा वेळी 'थँक यू' म्हणावं. आपल्याला ते विचित्र वाटतं, तिथं तीच रीत.

तुम्हाला तसं म्हणायची वेळ आली तर 'आय'म सॉरी फॉर युअर लॉस' किंवा 'आय'म सो सॉरी टु हिअर दॅट'. याहून जास्त बोलायची गरज नसते. आवाज चढवून नुसतं 'सॉरी?' म्हटलं तर अर्थ 'काय म्हणालात?' आणि वाट मागायची, अनोळखी माणसाला हाक मारायची, तर सॉरीआधी 'एक्सक्यूज मी'. धक्का लागण्यापूर्वी एक्सक्यूज मी, लागल्यावर सॉरी, असं मी शिकवतो. अमेरिकेत मात्र धक्क्यानंतरही एक्सक्यूज मी ऐकू येतं.

'आय ॲम अफ्रेड'ही याच पंगतीतलं. 'आय'म अफ्रेड शी इज आउट' यात कुणी घाबरलेलं नाही. नकोशी बातमी सांगण्यापूर्वी घातलेली ती गादी आहे. 'काय आहे ना, त्या बाहेर गेल्यात' यातलं 'काय आहे ना' जे काम करतं, तेच.

प्रतिसाद ३

'प्लीज' राहिलं. 'इफ इट प्लीज यू', म्हणजे तुमची मर्जी असेल तर, यातून ते आखूड होत आलं. इंग्रजीत ते मिठाइतकं रोजचं आहे. मराठीत आणल्यावर आपण त्याला गयावया करायला लावलं: 'प्लीज, प्लीज, ऐक ना!' म्हणून साध्या मागणीला प्लीज लावायचं आपण विसरतो आणि लावलं की फार लावतो.

शिवाय 'गिव्ह मी द पेन, प्लीज' हा हुकूमच राहतो, फक्त मऊ आवाजातला. इंग्रजीत अदब वाक्याच्या घडणीत असते: 'कुड आय बॉरो युअर पेन?' आपणही 'कृपया पेन द्यावे' म्हणत नाही. 'जरा पेन देता का?' म्हणतो. त्या 'जरा'त आणि 'का'त सगळी नम्रता असते. 'कुड आय' म्हणजे तो 'जरा' समजा.

नकार देताना नुसतं 'नो' थोबाडीत मारल्यासारखं वाटतं. 'नो, थँक्स' म्हणा. 'आय'म फाइन, थँक्स' हाही नकारच, तब्येतीचा अहवाल नव्हे.

प्रतिसाद ४

सगळं ठीक, पण 'माझा एक डाउट आहे' यावरही आता तुटून पडू नका. 'आय हॅव अ डाउट' भारतीय इंग्रजीत शंका विचारण्यासाठी सर्रास चालतं आणि सगळ्यांना कळतं. इंग्रजी एकाच देशाची राहिलेली नाही.

प्रतिसाद १

आपापसात खुशाल चालू द्या. बाहेरच्याशी बोलताना मात्र 'क्वेश्चन' म्हणा, कारण त्याच्या कानाला डाउट म्हणजे अविश्वास. तुम्ही त्याला विचारायला गेलात आणि त्याला वाटलं तुम्ही त्याच्यावर संशय घेताय. 'आय पास्ड आउट लास्ट इयर' तर अजिबात नको. पदवी मिळाली हे त्याला कळणारच नाही, तुम्ही बेशुद्ध पडलात असं वाटेल. 'ग्रॅज्युएटेड' म्हणा.

विचारणा करणारा

आणि 'हाउ आर यू?' खरं उत्तर द्यायचं की नाही?

प्रतिसाद २

वाटेत भेटलेल्यानं विचारलं तर नाही. 'काय, कसं काय?' याला आपण तरी कुठं गुडघेदुखी सांगतो? 'फाइन, थँक्स. अँड यू?' आणि पुढे. शेवटचं 'अँड यू' गाळू नका, ते गाळलं तर तुटक वाटतं. ब्रिटनमध्ये 'ऑलराइट?' असं विचारतात. आपला चेहरा पडलाय की काय अशी शंका घेऊ नका, तोही रामरामच. ब्रॉनिस्लाव्ह मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञानं 1923 साली अशा बोलण्याला 'फॅटिक कम्युनियन' असं नाव दिलं. माहिती देण्यासाठी नव्हे, तर धागा जोडण्यासाठी बोललेलं. 'हाउ डू यू डू?' हे तर त्याचं टोक: उत्तरादाखल तोच प्रश्न परत करायचा. आता ते फार क्वचित ऐकू येतं. 'नाइस टु मीट यू' पुरे. पण ते पहिल्याच भेटीत. पुढच्या वेळी 'नाइस टु सी यू'.

विचारणा करणारा

शेवटचं. निघताना काय? आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. एकदा घाईत मी 'ओके, आय ॲम कमिंग' म्हणून बाहेर पडलो होतो.

प्रतिसाद ३

आणि ते वाट बघत बसले असतील!

प्रतिसाद १

इंग्रजीत निरोप एकदम घेत नाहीत, आधी सूचना देतात. इमॅन्युएल शेगलॉफ आणि हार्वी सॅक्स या समाजशास्त्रज्ञांनी 1973 मध्ये दाखवलं होतं की टेलिफोनवरची संभाषणं थेट 'बाय'वर संपत नाहीत. त्याआधी 'वेल', 'ओके' असा एखादा लांबवलेला शब्द येतो, आणि दुसऱ्यानंही तसाच शब्द परत केला की दोघांची संमती झाली. आपल्या 'बरं मग...'चं काम तेच. तेव्हा 'वेल...' म्हणून थोडं थांबा, मग 'आय'ड बेटर बी गोइंग' ऐवजी सोपं हवं असेल तर 'आय शुड गेट गोइंग', आणि शेवटी 'सी यू'. 'सी यू लेटर' कुणी म्हणालं तर संध्याकाळी वाट बघू नका.

विचारणा करणारा

वेल...