जर्मनीविरुद्धचा पराभव आणि रोहिदासची गैरहजेरी

जर्मनीविरुद्धचा 2024 चा ऑलिम्पिक हॉकीचा उपांत्य सामना भारत नशिबाने हरला, असं काही जण म्हणतात. पटत नाही. त्याआधी उपांत्यपूर्व फेरीत ब्रिटनविरुद्ध 17व्या मिनिटाला आपला बचावपटू अमित रोहिदासला लाल कार्ड मिळालं. उरलेली 43 मिनिटं दहा जणांनी झुंजून शूटआऊट 4-2 जिंकला, ही त्या मोसमातली सर्वांत मोठी कामगिरी. पण पुढच्या सामन्यासाठी रोहिदास निलंबित झाला आणि पेनल्टी कॉर्नरवर (गोलजवळच्या फाऊलबद्दल प्रतिस्पर्ध्याला मिळणारी संधी) गोलमधून फटका अडवायला पहिला धावणारा गडीच गेला.

हे काम नुसत्या हिमतीचं नाही. चेंडू गोलपोस्टपासून 10 मीटरवरून आत येतो, गोलसमोरच्या वर्तुळाबाहेर थांबतो. तेवढ्यात धावणाऱ्याने फ्लिकरची (स्टिकने चेंडू ओढून गोलकडे फेकणाऱ्याची, म्हणजे ड्रॅगफ्लिक मारणाऱ्याची) एक बाजू बंद करायची, दुसरी गोलरक्षकाची. धाव अर्धं पाऊल चुकली तर गोलरक्षकालाच चेंडू दिसत नाही. समोर होता जर्मनीचा फ्लिकर गोन्झालो पेयात, 2016 मध्ये अर्जेंटिनाकडून सुवर्ण जिंकलेला. 18व्या मिनिटाला कॉर्नरवरच त्याने बरोबरी साधली. शेवटी 2-3.

नंतर कांस्यपदकाच्या सामन्यात स्पेनविरुद्धचे आपले दोन्ही गोलही कॉर्नरवरचे, कर्णधार हरमनप्रीतचे. म्हणून नागपुरात व्हीएचएच्या (विदर्भ हॉकी असोसिएशन) मैदानावर मुलांकडून ड्रॅगफ्लिक घोटून घेताना समोर धावणारेही तयार करा, मास्क आणि गुडघ्याचे पॅड घालूनच.