सॉर्बे (फळाचा गर आणि साखर गोठवून केलेलं, दुधाशिवायचं आइस्क्रीम) दगडासारखं कडक होतं, फळाचे तुकडे खड्यासारखे लागतात. काय चुकतंय?

पानगळ
५०० ग्रॅम स्ट्रॉबेरीचा गर, ६० ग्रॅम साखर, चमचाभर लिंबाचा रस. मिक्सरमधून काढून प्लास्टिकच्या डब्यात रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवलं. चमचा आत शिरत नाही, सुरीने फोडावं लागतं, तोंडात नुसता बर्फ करकरतो आणि चवही फिकी लागते. साखर मुद्दाम कमी घातली आहे. मशीन नाही.
दुसरा प्रश्न: क्रीम आणि कंडेन्स्ड मिल्कच्या आइस्क्रीममध्ये याच फळाचे तुकडे घातले, तर आइस्क्रीम मऊ राहतं पण तुकडे दाताला खड्यासारखे लागतात. असं का? पुढे किवीचंही करायचं आहे.

मोजमाप
साखर कमी पडली, मुख्य कारण हेच. सॉर्बेमध्ये साखर फक्त गोडीसाठी नसते. साखर विरघळलेलं पाणी शून्याच्या खाली गोठायला लागतं, आणि जसजसा बर्फ धरतो तसतसा उरलेला पाक आणखी दाट होत जातो. हा न गोठलेला पाक बर्फाच्या कणांमध्ये राहतो, म्हणून चमचा आत जातो. घरच्या फ्रीझरमध्ये साधारण उणे १८ अंश असतं. तिथे चमच्याने काढता येईल असं सॉर्बे हवं असेल तर फळातली आणि वरून घातलेली मिळून साखर एकूण वजनाच्या २६ ते ३० टक्के लागते.
तुमचा हिशोब मांडू. स्ट्रॉबेरीत साखर साधारण ५ टक्के, म्हणजे ५०० ग्रॅममध्ये २५ ग्रॅम. वरची ६० धरून ८५, एकूण वजन ५६०. झाले जेमतेम १५ टक्के. तेवढ्याच गरात १६० ग्रॅम साखर घातली की २८ टक्क्यांवर येतं. पाणी अजिबात नको.
आंबा जास्त गोड, साधारण १४ टक्के. त्याच्या ५०० ग्रॅम गराला १२५ ग्रॅम साखर पुरते, पण गर दाट असतो म्हणून १०० मिली पाणी घालावं. कलिंगडाला १५० ग्रॅम, पाणी नको.
गोठायच्या आधी मिश्रण चाखलं तर जरा जास्तच गोड वाटेल, वाटायलाच हवं. थंडीत जिभेला गोडी कमी जाणवते. चिमूटभर मीठ आणि लिंबू घातलं की तो गोडपणा अंगावर येत नाही.
झालेला दगड फेकू नका. फ्रिजमध्ये वितळू द्या, १०० ग्रॅम साखर पूर्ण विरघळवा आणि पुन्हा गोठवा.

पानगळ
१६० ग्रॅम फार होतात हो. गोडी कमी ठेवून मऊ नाही का होणार?

मोजमाप
थोडंफार होतं. १६० पैकी ४० ग्रॅम साखरेऐवजी ग्लुकोज पावडर घ्या. ती साखरेपेक्षा कमी गोड असते, पण गोठणबिंदू त्याच वजनाच्या साखरेच्या जवळजवळ दुप्पट खाली नेते. पाव भागापेक्षा फार पुढे जाऊ नका, नाहीतर मिश्रण धड गोठणारच नाही. लिक्विड ग्लुकोज ही वेगळी वस्तू आहे. त्याने पोत दाट होतो, पण ग्लुकोज पावडरइतका मऊपणा येत नाही.
साखर १५ टक्केच ठेवायची असेल तर सॉर्बेचा हट्ट सोडा आणि ग्रानिता करा. पसरट ट्रेमध्ये दर अर्ध्या तासाने काट्याने खरवडत राहायचं. तिथे बर्फाचे दाणे हवेच असतात.

निळीशाई
साखरेचं पटलं, पण पद्धतही चुकते आहे. प्लास्टिकच्या खोल डब्यात कोमट मिश्रण हळूहळू गोठतं, आणि हळू गोठलं की बर्फाचे कण थोडे पण मोठे धरतात. मिश्रण आधी फ्रिजमध्ये चार-पाच तास गार करा. मग स्टीलच्या पसरट ट्रेमध्ये २-३ सेंटिमीटरचा थर द्या. पाऊण तासाने कडा गोठलेल्या आणि मध्ये पातळ दिसेल. कडा खरवडून मध्ये आणा, जोरात फेटा आणि हेच चार-पाच वेळा करा.

चमचाभर
काट्याने फेटून सॉर्बे गुळगुळीत होत नाही, दाणा राहतोच. त्यापेक्षा मिश्रण बर्फाच्या ट्रेमध्ये पूर्ण गोठवा, ठोकळे पाच मिनिटं बाहेर ठेवा आणि फूड प्रोसेसरमध्ये थांबत थांबत फिरवा. आधी भुगा होतो, मग कडेचं खाली ढकलत राहिलं की एकदम मलईसारखं चढतं. तिथेच थांबा, पुढे फिरवलं तर पातळ होतं. लगेच गार डब्यात भरा, पृष्ठभागाला चिकटून बटर पेपर लावा आणि दोन तास ठेवा. डबा फ्रीझरच्या दाराशी नको. थोडं वितळून पुन्हा गोठलं की कण मोठे होतात.
कलिंगडासारख्या पाणीदार फळाला ६५० ग्रॅम मिश्रणाला १ ग्रॅम ग्वार गम (गवारीच्या बियांची, मिश्रण दाट करणारी पूड) घाला. कोरड्या साखरेत नीट मिसळून, मिक्सर चालू असताना भुरभुरत, नाहीतर गुठळ्या होतात. जास्त झाला तर सॉर्बे चिकट, तार सुटल्यासारखं लागतं.

आता तुकडे. स्ट्रॉबेरीत नव्वद टक्के पाणी असतं. आइस्क्रीममधली साखर तुकड्याच्या आत पोचत नाही, म्हणून तो बर्फाचा खडा होतो. ३०० ग्रॅम तुकडे ६० ग्रॅम साखरेत अर्धा तास मुरवा. सुटलेल्या रसासकट मंद आचेवर सगळं मिळून २०० ग्रॅम उरेपर्यंत आटवा. पातेल्यासकट वजन करत गेलं की अंदाज चुकत नाही. पूर्ण गार झाल्यावरच ४०० मिली फेटलेलं क्रीम आणि २०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्कमध्ये हलक्या हाताने मिसळा. क्रीम ३० टक्के किंवा जास्त फॅटचं हवं. फेटणी उचलल्यावर टोक वाकतं तिथेच थांबायचं, पुढे गेलं की लोणी सुटतं. आंबट फळ गरम दुधात कधीच घालू नका, फाटतं.

निळीशाई
किवीबद्दल: कच्च्या किवीत प्रथिनं तोडणारं एन्झाइम असतं. दुधात किंवा क्रीममध्ये घातली की काही वेळाने कडवटपणा येतो. अननस आणि पपईचंही तेच. गर दोन-तीन मिनिटं उकळला तर हे थांबतं, पण किवीचा हिरवा रंग मळकट होतो. म्हणून किवीचं दुधाशिवाय सॉर्बेच करा. बिया मात्र मिक्सरमध्ये फुटू देऊ नका, तुरट चव उतरते. गर काट्याने कुस्करून जाड चाळणीतून घासून घ्या.